दिलेली अक्षरे असलेला इंग्रजी शब्द

ए, आर, एस आणि टी ही चार अक्षरे असलेले इंग्रजी शब्द सांगा, असे कोणी म्हटले तर तो एकच प्रश्न आहे असे ऐकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात त्यात निदान पाच निरनिराळे प्रश्न दडलेले असतात आणि आमच्या घरात शब्दखेळांवरून होणारे बहुतेक वाद हे प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळेच होतात.

पहिला प्रश्न असा की ही अक्षरे ठरावीक क्रमाने, एकाला एक लागून यायला हवीत का. एस-टी-ए-आर असा सलग तुकडा हवा असेल तर स्टार्ट आणि स्टार्व्ह चटकन सुचतात; मस्टर्ड आणि कस्टर्ड यांच्या पोटातही तोच तुकडा आहे, हे मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण उच्चारात तिथे 'स्टार' ऐकूच येत नाही. दुसरा प्रश्न क्रम पाळणारा, पण मधे इतर अक्षरांना वाव देणारा. त्याचे उत्तर सेक्रेटरी किंवा सॉलिटरी असे मिळते. तिसऱ्या प्रश्नात क्रमाचे बंधनच नाही, चारही अक्षरे कुठेतरी असली की झाले. ब्रेकफास्ट, ट्रान्सपोर्ट, स्ट्रॉबेरी हे सारे तिथे चालतात, आणि विशेषनामे चालत असती तर रोमन लिपीतला महाराष्ट्रही चालला असता. चौथा प्रश्न हीच चार अक्षरे, प्रत्येक एकदाच, आणि बाहेरचे एकही नाही असा आहे. त्याला आर्ट्स, रॅट्स, टार्स, स्टार आणि रशियाच्या सम्राटाचे टी-एस-ए-आर असे लिहिलेले बिरुद ही उत्तरे आहेत. पाचव्यात बाहेरचे अक्षर वर्ज्य, पण आतले हवे तितक्या वेळा वापरण्याची मुभा असते. तिथे स्ट्राटा बसतो, आणि चारही अक्षरे आलीच पाहिजेत असा हट्ट नसेल तर टार्टर बसतो व आपल्याकडून तिकडे गेलेले अत्तरही बसते, कारण इंग्रजी कोशात ते ए-टी-टी-ए-आर असे नांदते.

प्रसिद्ध शब्दखेळ यांपैकी एकेका प्रश्नावर उभे आहेत. ब्रिटनमधील 'चॅनल फोर' ही वाहिनी २ नोव्हेंबर १९८२ रोजी सुरू झाली तेव्हा तिच्यावरचा पहिला कार्यक्रम 'काउंटडाउन' हा होता. त्यात नऊ अक्षरे देऊन तीस सेकंदांत त्यांतून जास्तीत जास्त लांबीचा शब्द काढायचा असतो आणि प्रत्येक अक्षर जितके वेळा दिले असेल तितकेच वेळा वापरता येते. म्हणजे हा चौथ्या प्रश्नाचा सैल अवतार झाला. न्यूयॉर्क टाइम्सचे 'स्पेलिंग बी', जे २०१४ मध्ये छापील स्वरूपात आणि २०१८ मध्ये डिजिटल स्वरूपात आले, ते पाचव्या प्रकारचे आहे. तिथे सात अक्षरे असतात, मधले अक्षर सक्तीचे असते, शब्द किमान चार अक्षरांचा लागतो आणि अक्षरांची पुनरावृत्ती चालते. सातही अक्षरे ज्यात येतात त्या शब्दाला तिथे पॅनग्राम म्हणतात. रोजच्या शब्दकोड्यात मात्र जागा ठरलेल्या असतात, म्हणून तो प्रश्न पहिल्या दोघांचा भाऊबंद आहे. एका खेळात पटाईत असलेला माणूस दुसऱ्या खेळात चाचपडतो, त्याचे कारण मला यातच दिसते.

तिसऱ्या प्रश्नाविषयी, म्हणजे क्रम नाही आणि इतर अक्षरांनाही मज्जाव नाही अशा शोधाविषयी, मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण तो सर्वांत मोकळा आहे आणि म्हणूनच मनाला सर्वांत कमी आधार देतो. इथे पहिली युक्ती म्हणजे दिलेल्या अक्षरांपैकी सर्वांत दुर्मीळ अक्षर हाती धरणे. इंग्रजी मजकुरात ई या अक्षराचा वाटा सुमारे बारा टक्के असतो आणि कोशातील निम्म्याहून अधिक शब्दांत ते कुठेतरी असतेच, त्यामुळे 'ई असलेला शब्द' ही अट जवळजवळ निरुपयोगी ठरते. उलट क्यू हे अक्षर दिलेले असेल तर कोशाचा फार मोठा भाग एका फटक्यात बाजूला पडतो. अक्षरांची ही श्रीमंती-गरिबी मोजून तिच्यावर खेळ उभारण्याचे श्रेय अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड मोशर बट्स यांच्याकडे जाते. १९३० च्या दशकातील मंदीत काम सुटल्यावर त्यांनी वर्तमानपत्रांतील मजकुरात कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजले, त्यावरून सोंगट्यांची संख्या आणि गुण ठरवले, आणि पुढे १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो यांच्या हातून तोच खेळ 'स्क्रॅबल' या नावाने बाजारात आला. त्याच्या शंभर सोंगट्यांत ई बारा आहेत, ए आणि आय प्रत्येकी नऊ, तर क्यू, झेड, जे, एक्स आणि के प्रत्येकी एकच. त्यातही क्यू आणि झेड यांना दहा गुण आहेत. एस मात्र मुद्दाम कमी, फक्त चार ठेवलेले आहेत, कारण अनेकवचनाचा तो प्रत्यय भरपूर मिळाला असता तर खेळ फारच सोपा झाला असता. स्पेलिंग बीमध्येही एस सहसा दिसत नाही, तेही याच शहाणपणामुळे असावे.

समजा, क्यू आणि एक्स ही दोन अक्षरे दिली आहेत. दोन्ही दुर्मीळ, म्हणून अट भीतिदायक वाटते, पण क्यूला घट्ट धरून त्याच्या ओळखीच्या संगतीत एक्सला शोधत गेले की इक्विनॉक्स म्हणजे संपात, एक्स्क्विझिट, एक्सचेकर आणि क्विक्झॉटिक असे चार चांगले शब्द काही मिनिटांत सापडतात. क्यू आणि झेड घेतले तर क्विझ आणि क्वार्ट्झ. क्यू आणि जे ही जोडी याहून अवघड आहे, आणि तिचे माझे आवडते उत्तर जॅकार्ड हे आहे. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या यंत्रणेने उठते तिचेच हे नाव, त्यामुळे मराठी माणसाने तरी ते विसरू नये. जे आणि एक्स यांच्यासाठी जिंक्स, ज्यूकबॉक्स आणि जक्स्टपोझ आहेत. दुर्मीळ अक्षर धरण्याचा खरा फायदा असा की त्याच्या शेजाऱ्यांच्या सवयी ठरलेल्या असतात. एन किंवा आर कोणाहीजवळ बसतात, क्यू तसा बसत नाही.

क्यूनंतर यू येतो हे शाळेत शिकवलेले असते. माझी भाची खेळताना वैतागून म्हणते, "मामा, क्यू आलाय आणि यू नाही, संपलं माझं!" पण ते संपलेले नसते. यूशिवायचे क्यू बहुतेक अरबी, फारसी आणि चिनी मार्गांनी इंग्रजीत आले आहेत आणि त्यांतील कित्येक आपल्या कानांना तिकडच्या खेळाडूंपेक्षा अधिक परिचित आहेत. कॉलिन्सच्या स्क्रॅबल शब्दयादीत फकीर एफ-ए-क्यू-आय-आर असा आहे, तलाक टी-ए-एल-ए-क्यू असा आहे, आणि कव्वालीही क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय अशी दिमाखात सात अक्षरांनी आहे. चिनी प्राणशक्तीचा दोन अक्षरी 'ची', जो क्यू-आय असा लिहितात, तो तर स्पर्धात्मक खेळाडूंच्या रोजच्या वापरातला झाला आहे.

असाच प्रकार शब्दाच्या शेवटी येणाऱ्या जे या अक्षराचा आहे. अस्सल इंग्रजी शब्द जेने संपत नाही; तिथे डी-जी-ई किंवा जी-ई लिहिण्याची रीत आहे. त्यामुळे शेवटी जे असलेले शब्द शोधायचे म्हटले की हाती लागतात ते राज, ताज, हज आणि स्वराज. व्ही या अक्षरालाही शब्दाचे टोक आवडत नाही, म्हणून हॅव, गिव्ह, लव्ह या सगळ्यांच्या मागे एक मुका ई उभा केलेला असतो. अशा सवयी ठाऊक असल्या की शोधाचे क्षेत्र आपोआप आक्रसते, आणि स्पेलिंग पाठ करताना जे नियम शिक्षेसारखे वाटत होते ते इथे हत्यारासारखे वापरता येतात.

दुर्मीळ अक्षर नसेल तर दुसरी युक्ती लागते, ती म्हणजे शेवटाचा तुकडा आधी बाजूला काढणे. आय-एन-जी एकत्र दिसले की ते उजवीकडे सरकवावे. ई-आर, ई-डी, ई-एस-टी, आय-ओ-एन यांचेही तसेच. डावीकडे आर-ई आणि यू-एन यांना जागा द्यावी. उरलेल्या तीन-चार अक्षरांची जुळणी डोके सहज करते. ए, ई, आय, एन, आर, एस आणि टी ही सात अक्षरे या युक्तीची उत्तम परीक्षा आहेत, कारण ती सर्व साधी आहेत आणि कोणतेच पकडून ठेवता येत नाही. आर-ई डावीकडे ठेवला की रिटेन्स मिळतो. आय-ई-आर उजवीकडे ठेवला की नास्टियर आणि अँट्सियर. नुसता ई-आर ठेवला तर डाग पाडणारा किंवा लाकडाला रंग देणारा तो स्टेनर. एस शेवटी राखला तर डोळ्यांतील पडद्यांचे अनेकवचन रेटिनाज. मेणबत्तीच्या उद्योगातील स्टिअरिन आणि पाइनच्या राळेचा वास असलेली ग्रीक मद्यप्रकारातील रेत्सिना मात्र कोणत्याही युक्तीने मिळत नाहीत. ते शब्द आधी ठाऊकच असावे लागतात.

स्वरांचे प्रश्न आपल्याकडे सामान्यज्ञानाच्या पुस्तकांनी इतके चघळले आहेत की त्यावर फार थांबत नाही. पाचही स्वर असलेला शब्द म्हणून प्रत्येक जण एज्युकेशन सांगतो. सिक्वॉया या प्रचंड वृक्षाच्या नावात तेच पाच स्वर अवघ्या सात अक्षरांत मावतात, आणि फसीशस व अब्स्टीमियस यांत ते ए, ई, आय, ओ, यू अशा क्रमानेच येतात, एवढी भर घातली की पुरे.

अक्षरांची पुनरावृत्ती ही गोष्ट मात्र दुर्लक्षित राहते. 'दोन टी, दोन एम आणि दोन ई असलेला शब्द' ही अट 'टी, एम आणि ई असलेला शब्द' या अटीपेक्षा कितीतरी कडक आहे, आणि कमिटी हा शब्द ती नेमकी पाळतो. ज्याला गणिताची भाषा आवडते त्याने म्हणावे की आपल्याला संच दिलेला नसून पुनरावृत्ती मोजणारा संग्रह दिलेला आहे. हा फरक माणसापेक्षा यंत्राला अधिक छळतो.

यंत्राकडून शोध कसा होतो, हे पाहणे मला खेळाइतकेच आवडते. युनिक्स घराण्यातील संगणकांवर जुन्या प्रथेनुसार शब्दांची एक साधी फाइल असते, ओळीला एक शब्द अशी. मॅकवर असलेली यादी १९३४ च्या वेबस्टर कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीवरून केलेली आहे आणि तिच्यात दोन लाखांहून अधिक नोंदी आहेत. त्याच परंपरेतील ग्रेप हा केन टॉमसन यांनी लिहिलेला लहानसा प्रोग्राम फाइलमधून हव्या त्या नमुन्याच्या ओळी तेवढ्या काढून देतो. क्यू असलेल्या ओळी काढा, त्यांतून एक्स असलेल्या काढा, असे एकामागे एक ग्रेप जोडले की तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर क्षणार्धात समोर येते, कारण चाळणीतून चाळणी अशी ती रचना आहे. पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नांसाठी तर एकच ग्रेप पुरतो. मात्र ही जुनी यादी वापरणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तिच्यात अनेकवचने आणि क्रियापदांची रूपे बहुधा नाहीत, आणि विशेषनामे मात्र भरपूर आहेत. उत्तर बरोबर की चूक हे शेवटी यादी ठरवते, म्हणून कोणतीही शोधसुविधा वापरण्यापूर्वी ती कोणत्या कोशावर चालते हे पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे. इंग्लंडच्या यादीत असलेला शब्द अमेरिकेच्या यादीत नसणे ही तर नित्याची बाब आहे. २०१९ च्या कॉलिन्स यादीत २,७९,४९६ शब्द आहेत आणि अमेरिकेतील यादी तिच्यापेक्षा बरीच लहान आहे.

चौथ्या प्रश्नासाठी याहून सुंदर कल्पना आहे. कोशातील प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावून ठेवायची आणि त्या रचनेला त्या शब्दाची सही मानायची. रिटेन्स, नास्टियर आणि स्टिअरिन यांची सही एकच येते, ए-ई-आय-एन-आर-एस-टी. मग समान सहीचे शब्द एका गठ्ठ्यात बांधले की दिलेल्या अक्षरांची सही करून नेमका गठ्ठा उघडणे एवढेच काम उरते. कोश एकदाच लावावा लागतो आणि पुढचा प्रत्येक शोध जवळपास फुकट पडतो. स्पर्धेतील खेळाडूही सराव करताना अक्षरे वर्णक्रमाने मांडूनच शब्द पाठ करतात, म्हणजे जे यंत्र करते तेच ते स्मरणशक्तीला करायला लावतात.

तिसऱ्या प्रश्नासाठी सव्वीस अक्षरांना सव्वीस बिट देण्याची पद्धत आहे. शब्दात अक्षर असेल तर त्याचा बिट एक, नसेल तर शून्य, आणि दोन संख्यांची एका सूचनेत तुलना. ही पद्धत अतिशय वेगवान आहे, पण टी एकदा आला की दोनदा हे तिला कळत नाही. ते कळण्यासाठी एक गमतीदार उपाय आहे, जो आठवीच्या अंकगणितात बसतो. प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या द्यायची आणि शब्दातील अक्षरांच्या संख्यांचा गुणाकार करायचा. सीला दोन, एला तीन आणि टीला पाच दिले तर कॅटचा गुणाकार तीस येतो आणि ॲक्टचाही तीसच येतो, कारण गुणाकाराला क्रम ठाऊक नसतो. टॅक्ट या शब्दात टी दोनदा असल्यामुळे त्याचा गुणाकार दीडशे होतो. दीडशेला तीसने भाग जातो, म्हणून कॅटची सर्व अक्षरे टॅक्टमध्ये आहेत. तीसला दीडशेने भाग जात नाही, म्हणून उलट खरे नाही. पुनरावृत्तीचा हिशोब आपोआप राखला जातो. सव्वीसावी मूळ संख्या १०१ असल्याने लांब शब्दांचे गुणाकार मात्र भलतेच फुगतात आणि चौसष्ट बिटांत मावेनासे होतात, त्यामुळे गंभीर कामासाठी ही पद्धत कोणी फारशी वापरत नाही. तरीही विभाज्यतेच्या कसोटीतून शब्द सापडावा, ही कल्पना मला मनापासून आवडते.

पटावर आधीच पडलेल्या अक्षरांना जोडून शब्द शोधायचा असेल तर वरील एकही पद्धत पुरत नाही. त्यासाठी अँड्र्यू ॲपल आणि गाय जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेली रचना पायाभूत ठरली. त्यांनी संपूर्ण कोश वाटांच्या जाळ्यासारखा साठवला: समान सुरुवातीचे शब्द एका वाटेने निघतात, समान शेवटाचे शब्द एका वाटेला येऊन मिळतात, आणि ज्या वाटेवर पुढे शब्दच नाही तिथून प्रोग्राम लगेच मागे फिरतो. माणूस 'क्यूनंतर यू नाही, मग इथे काही नाही' असे म्हणून जसा मागे फिरतो, तसेच हे आहे. फरक इतकाच की यंत्राला फकीर आणि कव्वालीही विसरता येत नाहीत.

यावरून अर्थाचा या साऱ्याशी संबंध किती, असा प्रश्न पडतो. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी इंग्रजी स्क्रॅबलचे विश्वविजेतेपद पाच वेळा मिळवले, आणि त्यांपैकी तीन मिळवून झाल्यावर २०१५ मध्ये फ्रेंच भाषा येत नसताना, काही आठवडे फ्रेंच शब्दयादी पाठ करून, फ्रेंच स्क्रॅबलचेही जागतिक विजेतेपद जिंकले. २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही त्यांनी तेच केले. पुष्कळांना ही गोष्ट ऐकून खेळ कोरडा वाटू लागतो. मला तसे वाटत नाही. शब्दाचा अर्थ काढून घेतल्यावरही त्याच्या बांध्यात इतके काही उरते की एखादा माणूस केवळ त्यावर अजिंक्य होऊ शकतो, याचे मला कौतुकच वाटते. मात्र मुलांची 'इंग्रजी सुधारावी' म्हणून त्यांना या खेळांना बसवणाऱ्या पालकांनी अपेक्षा बेताची ठेवावी. स्पेलिंग नक्की सुधारते, बोलणे सुधारेलच असे नाही.

हाच खेळ मराठीत का रुजत नाही, असे मला कधी कधी विचारले जाते. आपण शब्दकोड्याच्या एका चौकोनात संपूर्ण अक्षर भरतो, मात्रेसकट आणि जोडाक्षरासकट, त्यामुळे 'स्त्री' एका चौकोनात मावते. युनिकोडमध्ये मात्र तिच्यासाठी सहा संकेत लागतात: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. एक मोजायचे की सहा, हे ठरल्याशिवाय 'दिलेली अक्षरे' म्हणजे काय हेच ठरत नाही, आणि सोंगट्या किती करायच्या हा प्रश्न तर त्याच्याही पुढचा आहे.

पटाशिवाय आणि फोनशिवाय खेळण्याजोगा प्रकार म्हणजे गाडीच्या पाटीचा. पुण्याच्या वाहतुकीत त्याला वेळेची कमतरता कधीच पडत नाही. पाटीवरची अक्षरे त्याच क्रमाने, पण मधे इतर अक्षरे चालतील अशा पद्धतीने शब्दात आणायची. म्हणजे दुसरा प्रश्न. आपल्याकडे पहिली दोन अक्षरे एम आणि एच अशी ठरलेली असल्यामुळे खरा खेळ पुढच्या मालिकेच्या दोन अक्षरांचा असतो. पुढे एनसी असेल तर मेकॅनिक, एनई असेल तर मशीन, टीसी असेल तर मॅथेमॅटिक्स. या मालिकांत आय आणि ओ वापरत नाहीत, कारण ते एक आणि शून्य यांच्यासारखे दिसतात, त्यामुळे दोन उपयुक्त स्वर आधीच गेलेले असतात.

भाचीने या खेळात नियम आणखी कडक करून एम आणि एच एकाला एक लागूनच हवेत अशी अट घातली, तेव्हा काम खरोखर अवघड झाले. इंग्रजीत ही दोन अक्षरे शेजारी येतात ती बहुधा दोन शब्दांच्या सांध्यावर, जसे फार्महाउस, आर्महोल किंवा ड्रमहेड. शब्दाच्या आरंभी तर इंग्रजी माणसाला हा उच्चार जवळजवळ अशक्य वाटतो, जरी आपण म्हैस आणि म्हातारा दिवसभर सहज म्हणत असतो. तरी असा एक शब्द कोशात आहे आणि आमच्या पिढीच्या विजेच्या अभ्यासक्रमात तो होताही: विद्युतवाहकतेचे जुने एकक म्हो, म्हणजे ओहम हे नाव शेवटाकडून लिहिलेले. १९७१ मध्ये त्या एककाला सिमेन्स हे अधिकृत नाव मिळाले, पण शब्दयाद्यांनी एम-एच-ओ ठेवून दिला आहे आणि तो चालतो.